केणे सरांची पार्श्वभूमी

केणे सरांना किती वाजले हे विचारू नये, असा आमच्या शाळेत अलिखित नियम होता. नवीन लागलेल्या मास्तरांना मस्टर कुठे ठेवतात ते सांगण्याआधी आम्ही हे सांगायचो. कारण सर मनगटावरचं घड्याळ बघायचे, बाही पुन्हा खाली ओढायचे आणि म्हणायचे, "आधी पार्श्वभूमी समजून घ्या." मग हे घड्याळ सासऱ्यांनी लग्नात दिलं, ते रोज चार मिनिटं मागे पडतं, त्यावर कल्याणच्या घड्याळजीचं म्हणणं काय आणि सासऱ्यांचं काय, हे सगळं यायचं. तेवढ्यात शिपाई घंटा द्यायचा आणि किती वाजले ते आपोआप कळायचं.

सर इतिहास शिकवायचे, मी मराठी. भिवंडीच्या त्या शाळेत आम्ही बारा वर्षं शेजारी शेजारी बसलो, एका डब्यातलं खाल्लं. मूर्ती लहान, चष्मा जाड, शर्ट सदा खोचलेला. बोलणं मात्र असं की ऐकणाऱ्याने वेळेचा नाद सोडावा. दिवाळीच्या सुट्टीआधी सर पानिपताला हात घालायचे. दिल्लीची गादी, दुष्काळ, यमुनेचं पाणी, कोणाचा कोणावर रुसवा, सगळं असं रंगवायचे की मधल्या सुट्टीतही वर्ग जागचा हलायचा नाही. पण नाताळ आला तरी दोन्ही सैन्यं समोरासमोर उभीच! मग सर खडू खाली ठेवायचे, हात झटकायचे आणि म्हणायचे, "पुढचं पुस्तकात आहे." आमच्या शाळेतून बाहेर पडलेल्यांना आजही जगातल्या सगळ्या लढायांची कारणं पाठ आहेत. जिंकलं कोण विचारलंत तर मात्र मान खाली.

"निकालाचं काय घेऊन बसलात?" हे त्यांचं दुसरं पालुपद. वक्तृत्व स्पर्धेला परीक्षक व्हा म्हटलं की त्यांना हमखास ताप भरायचा. एका क्रीडादिनी माणूस कमी पडला म्हणून मी त्यांच्या हातात शर्यतीच्या शेवटच्या रेषेवरची फीत दिली. मुलं जवळ आली तसे सरांनी डोळे गच्च मिटले आणि तोंड आभाळाकडे केलं. दोन मुलं जवळजवळ एकदमच आली. पहिलं कोण यावरून दोन वर्ग हमरीतुमरीवर आले, पालक मध्ये पडले. सर म्हणाले, "मला वाटतं, दोघांच्या सरावाची पार्श्वभूमी बघावी." त्या दिवशी हेडमास्तर त्यांना काय म्हणाले ते मी इथे लिहीत नाही.

मला ही सगळी गंमत वाटायची. मी त्यांच्या नकला करायचो, आणि त्या चांगल्या वठायच्या. एकदा त्यांच्या घरी, कासार आळीत, मी केणेवहिनींसमोरही नक्कल केली. सर बाहेर गेले होते. वहिनी हसल्या नाहीत. हातातली सुपली खाली ठेवून म्हणाल्या, "भाऊजी, निकाल म्हटलं की त्यांना ताप येतो तो खोटा नसतो. अंग खरंच तापतं."

मग त्यांनी मला सांगितलं ते असं. सरांचं गाव खारबाव. धाकटा भाऊ पांडुरंग घरची शेती बघणारा आणि पंचक्रोशीत नावाजलेला पैलवान. जत्रेतली शेवटची, मानाची कुस्ती होती. एकीकडे पांडू, दुसरीकडे शेजारच्या वळ गावचा पैलवान. पंच म्हणून सरांना उभं केलं. सर नको नको म्हणत होते. पांडूनेच हट्ट धरला. म्हणाला, "दादाच पायजे. दादा खोटा न्हाय बोलायचा." अर्ध्या तासाने दोघे धुळीत आदळले. सगळं गाव सरांच्या तोंडाकडे बघायला लागलं, आणि सरांनी वळच्या पैलवानाचा हात वर केला. पांडूची पाठ टेकली, पांडू हरला.

"पांडूभाऊजी उठले," वहिनी म्हणाल्या, "अंगावरची माती पण झटकली नाही. यांच्यासमोर येऊन म्हणाले, 'दादा, तुला माझी पाठ दिसली ना? आता पाठच बघत ऱ्हा.' आणि गेले. तेरा वर्षं झाली. हे गावाला गेले की ते बांधावरून दुसरीकडे निघून जातात. सासूबाई गेल्या तेव्हा दोघांनी खांदा दिला. शब्द नाही."

मी विचारलं, "पण खरंच टेकली होती का पाठ?"

"ते त्यांनी मलाही सांगितलेलं नाही," वहिनी म्हणाल्या आणि सुपली उचलून तांदूळ निवडायला लागल्या. त्यानंतर मी नक्कल केली नाही. खोटं कशाला बोलू, एकदोनदा केली. पण पहिल्यासारखी वठेना.

याच सुमाराला रशीदभाई आमच्या शाळेत आला. त्याचा पॉवरलूमचा कारखाना होता, पण लूमपेक्षा कुस्तीचा शौक मोठा. मुंबईहून फ्रीस्टाइलचे पैलवान आणून भिवंडीत दंगल भरवायची, असं त्याने ठरवलं होतं. आमचं मैदान त्याला मिळालं. आता हँडबिल हवं होतं. गावात मराठीचा मास्तर मी, तेव्हा तो माझ्याकडेच येणार. मी झोकात लिहून दिलं: 'भव्य फ्रीस्टाइल कुस्त्या! पैलवान तुफान विरुद्ध पैलवान फौलाद! अवश्य या!' रशीदभाईने ते दोनदा वाचलं आणि डोकं खाजवलं. "मास्टरसाब, अच्छा है. लेकिन पब्लिक पूछेगी ना, ये दोनों लड़ते कायको?"

शेजारी वह्या तपासत बसलेल्या केणे सरांनी मान वर केली. कागद हातात घेतला, चष्मा कपाळावर सरकवला. "याला पार्श्वभूमी कुठे आहे?" ते म्हणाले. माझं हँडबिल तिथेच मेलं. मला राग आला होता, आजही थोडा आहे.

सरांनी आठवड्याला एक अशी चार हँडबिलं लिहायची ठरवली. सगळं समजून घ्यायचं म्हणून त्यांनी रशीदभाईची उलटतपासणी घेतली, तेव्हा रशीदभाई सहज बोलून गेला, "आखिर में जीतना किसको है, वो भी तुम ही बोलो सर. हमारे में निकाल पहले से पक्का रहता."

सर ताठ झाले. "आधीच? मग पंच काय करतो?"

"पंच? वो बस गिनता है. एक, दो, तीन."

सरांनी चष्मा काढून रुमालाने पुसला. मग म्हणाले, "किती सुखी माणूस." आणि रशीदभाईला निक्षून सांगितलं, "भांडण मी देईन. निकाल मी देणार नाही."

पहिलं हँडबिल आलं. तुफान आणि फौलाद हे सख्खे भाऊ! एका आईचे, एका आखाड्यातल्या मातीत वाढलेले, एका ताटात जेवलेले. आता एकमेकांचं तोंड पाहत नाहीत. का? वाचा पुढच्या आठवड्यात. खरं तर तुफान पंजाबकडचा, सव्वासहा फूट. फौलाद मंगळूरकडचा, त्याच्या खांद्याला जेमतेम लागणारा. दोघांना एकमेकांची भाषाही धड येत नव्हती. पण रंगीत फोटोखाली सरांचा मजकूर वाचून गावाने स्वतःच उत्तर काढलं: धाकटा आईवर गेलाय.

हँडबिलं वाटायला आणि पुकारायला रशीदभाई स्वतः रिक्षात बसायचा. बॅटरीवरचा कर्णा आणि त्याचा तो खर्जातला आवाज. आता भिवंडीत लाइट असताना कर्णा लावणं म्हणजे पालथ्या घड्यावर पाणी. लूमच्या खडखडाटात शेजारचा माणूस ओरडला तरी ऐकू येत नाही. म्हणून रशीदभाई लाइट जायची वाट बघायचा. लाइट गेली की सगळे लूम एकदम थांबायचे, गावावर एवढी शांतता पसरायची की कुकरची शिट्टी दोन गल्ल्या पलीकडे ऐकू जाई. त्या शांततेत रिक्षा निघायची. कामगार बनियनवर दारात येऊन उभे राहायचे. बायका गॅलरीत. दुसऱ्या आठवड्यात म्हातारी आई रोज दोन ताटं वाढते आणि दोन्ही झाकून ठेवते, हे ऐकून कासार आळीतल्या बायकांनी डोळ्यांना पदर लावला. आमच्या हेडमास्तरांनी मला बाजूला घेऊन विचारलं, "तुमच्या कानावर असेल. चूक नक्की कोणाची? थोरल्याची की धाकट्याची?"

तिसरं हँडबिल मी छापून येण्याआधी वाचलं. त्यात होतं की धाकट्याच्या एका कुस्तीत थोरलाच पंच होता आणि त्याने धाकट्याची पाठ टेकल्याचा निकाल दिला. मी कागद खाली ठेवला. सर माझ्याकडे बघत नव्हते. लाल पेनाचं टोपण लावत होते, काढत होते.

"रिक्षा खारबावला जाते ना?" त्यांनी रशीदभाईला विचारलं.

"जाती ना सर. वळ, खारबाव, दिघाशी, सब तरफ."

"तळ्याच्या बाजूने न्या. तिकडे वस्ती जास्त आहे." तिकडे वस्ती चार घरांची होती आणि त्यातलं एक पांडूचं, हे मला वहिनींनी नंतर सांगितलं.

दुसऱ्या दिवशी रशीदभाई आला तसे सर वर्ग सोडून बाहेर आले. "खारबावला कोण कोण ऐकत होतं?"

"बहोत लोग थे. एक आदमी तळ्यावर म्हैस धूत होता. एकदम पैलवान बॉडी. पूरा टाइम वो म्हैस का एकही पैर धोता रहा. बिल दिया तो लिया, पढ़ा नहीं. जेब में डाला."

"घडी घालून, का चुरगळून?"

रशीदभाईने माझ्याकडे बघितलं. मी खांदे उडवले. "घडी डालके," तो म्हणाला.

त्या आठवड्यात सरांनी पाचवीच्या वर्गाला गोष्टी सांगितल्या, शिपायाला चहा पाजला आणि मला, माझ्या हँडबिलाबद्दल, "तुमचंही वाईट नव्हतं" म्हणाले. भावाने कागदाची घडी घातली एवढ्यावर माणूस इतका खूश होतो, हे मी पहिल्यांदाच बघत होतो. चौथं हँडबिल फक्त दोन ओळींचं होतं: 'रविवारी दुपारी चार वाजता दोघे भाऊ समोरासमोर येणार. धाकट्याने यावं, एवढीच थोरल्याची इच्छा आहे.' रशीदभाई म्हणाला, "सर, धाकटा तो आयेगाच, उसको ॲडव्हान्स दिया है."

रविवारी मैदान फुलून गेलं. लूमच्या रिकाम्या बीमवर, म्हणजे सूत गुंडाळायच्या रुळांवर, फळ्या टाकून रिंग उभी केली होती, दोरांना रशीदभाईच्याच कारखान्यातलं लाल कापड गुंडाळलं होतं. सर पहिल्या रांगेत माझ्याशेजारी बसले होते, पण तोंड रिंगकडे नव्हतं. मान वळवून वळवून फाटकाकडे बघत होते. छोट्या कुस्त्या झाल्या. त्या कोणी बघितल्याच नाहीत. पब्लिक भावांसाठी आलं होतं.

तुफान आणि फौलाद रिंगमध्ये आले. घंटा झाली. आणि दिघाशीच्या पाड्यावरचे भिवाबाबा उठले. अंगावर घोंगडी, हातात काठी, मागे पंधरा-वीस माणसं. चार पाड्यांतली भांडणं या म्हाताऱ्याच्या शब्दाने मिटायची. ते पायऱ्या चढून सरळ रिंगमध्ये गेले आणि दोघा पैलवानांच्या मध्ये उभे राहिले. एकाने फळीवर पळसाची पत्रावळ मांडली, तिच्यावर नागलीची भाकर आणि सुकटीची चटणी.

रशीदभाई माइक घेऊन धावला. भिवाबाबांनी तो त्याच्या हातातून काढून घेतला. "आमी तिकीट काढलंय," ते म्हणाले. "पन भाऊ भाऊ मारामारी करतात ती बघाय न्हाय आलो. सोडवाय आलोय. आमच्यात भावांचा भांडन झाला तं दोघांना एका पानात जेवाय बसवतात. बसा रं पोरांनो."

टाळ्यांचा कडकडाट झाला. भांडण बघायला पैसे मोजून आलेलं अख्खं मैदान समेटासाठी ओरडायला लागलं! तुफानने फौलादकडे बघितलं. "कौन भाई? इसको तो मैं आज सुबह मिला." फौलाद बिचारा भुकेला असावा, तो भाकरीकडे बघत होता.

"बसतील," भिवाबाबा म्हणाले, "पन आदी पंच पायजे. ज्याने निकाल दिला तो थोरला कंचा यातला? त्याने सांगाय पायजे, पाठ टेकली का न्हाय. त्याबिगर भांडन मिटल कसा?"

रशीदभाईला दरदरून घाम फुटला होता. त्याने पहिल्या रांगेकडे बोट केलं. "बाबा, स्टोरी इन्होंने लिखी है."

केणे सर उठले. मला वाटलं, आता ताप भरणार. पण ते चालत गेले, आणि रिंगच्या पायरीशी त्यांनी चपला काढून ठेवल्या. पैलवानांनी बूट घालून नाचायची ती जागा. पण सरांसाठी तो आखाडा होता. वर जाऊन त्यांनी माइक घेतला. "आधी पार्श्वभूमी..." एवढं म्हणाले आणि लाइट गेली.

माइक मेला. आणि गावातले सगळे लूम एकदम थांबले. दुपारच्या उन्हात अख्खं मैदान गप्प. सर हातातल्या मेलेल्या माइककडे बघत राहिले. मग त्यांनी तो खाली ठेवला आणि साध्या आवाजात बोलले. शेवटच्या माणसापर्यंत ऐकू गेलं.

"हे दोघे भाऊ नाहीत. पंच मी होतो. भाऊ माझा. त्या दिवशी धूळ उडाली आणि मला काही दिसलं नाही. काहीही दिसलं नाही. सगळे माझ्याकडे बघत होते. भावाचा हात वर केला तर लोक म्हणतील, भाऊ म्हणून केला. म्हणून मी दुसऱ्याचा केला. पाठ टेकली होती की नाही, हे मला तेरा वर्षं ठाऊक नाही."

एवढा मोठा निकाल सरांनी पार्श्वभूमीशिवाय दिला होता, पण ते तेव्हा माझ्या लक्षात आलं नाही. मी डोळे पुसत होतो.

आणि मागून, फाटकाजवळून, आवाज आला. "टेकली व्हती."

माणसं बाजूला झाली. पैलवानी अंग, आता थोडं सुटलेलं; खिशातून हँडबिलाची घडी डोकावत होती. पायरीशी त्यानेही चपला काढल्या, सरांच्या चपलांशेजारी ठेवल्या. वर आला.

"टेकली व्हती दादा. तुला न्हाय दिसली, मना तं कलली ना. माती लागली पाठीला."

सर एक पाऊल पुढे आले. "मग... मग बोलला का नाहीस?"

"पयला वरीस राग व्हता. मंग लाज वाटली." पांडू खाली बघत म्हणाला. "लोक मनाच खरा समजाय लागले. तुला खोटा बोलाय लागले, ना मी आयकत ऱ्हायलो. कंच्या तोंडानी येनार?"

भिवाबाबांनी काठीनेच दोघांना पत्रावळीकडे ढकललं. सर बसले. चष्म्यातून त्यांना बहुधा काही दिसत नसावं. भाकरीचा तुकडा हातात धरून त्यांनी सुरुवात केली, "पांडू, आधी पार्श्वभूमी समजून घे..."

"दादा," पांडू म्हणाला, "ती ऱ्हाऊ दे. जेव."

नंतर लाइट आली, कुस्तीही झाली. तुफान आणि फौलादला उरलेल्या भाकरी वाढल्या, ते ढेकर देत लढले. पब्लिकचा सूर मात्र बदलला होता. तुफानने फौलादला उचललं की बायका ओरडत, "अरे हळू! लागेल त्याला!" शेवटी कोण जिंकलं ते मला आठवत नाही.

सोमवारी शेवटच्या तासानंतर मी स्टाफरूममध्ये वह्या आवरत होतो. सर घाईघाईने कपाटाला कुलूप लावत होते. माझं घड्याळ बंद पडलं होतं, आणि इतक्या वर्षांचा नियम विसरून मी विचारून बसलो, "सर, किती वाजले हो?"

सरांनी मनगट वर केलं.

"सव्वाचार," ते म्हणाले. "निघतो. पाचची एसटी पकडायची आहे. पांडू फाट्यावर उभा असेल."